मोकळ्या जागेखालचा दिवा

बिरूदादा संगणक चालू करण्याआधी खाकरायचा.

घसा बसला म्हणून नव्हे. खुर्ची ओढून बसायचा, बटणाकडे बोट न्यायचा आणि बोट तिथंच धरून एकदा खणखणीत खाकरायचा. मग बटण. आमच्याकडची जुनी माणसं घरात शिरताना उंबऱ्याबाहेर खाकरतात, आतल्या सुना-लेकींना पदर सावरायला सवड मिळावी म्हणून. अगदी तसंच. मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि माझ्या फटकळ तोंडातून गेलंच, "दादा, सर्दी झालीय का?"

"न्हाय," तो म्हणाला. "आत कुणी असलं म्हंजी? एकदम दार उघडायचं, बरं दिसतं का?"

मी हसले. ऑफिसातले बाकीचेही हसले, त्यांना सवय होती. तो मात्र हसला नाही. पडदा उजळेपर्यंत मान खाली घालून बसून राहिला, परक्याच्या ओसरीवर बसतात तसा.

नव्वदीची अखेरची वर्षं होती. बारामतीत भिगवण चौकाजवळ, खताच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. मालक सतीशशेठ. हा माणूस आधी कडबाकुट्टीची यंत्रं विकायचा आणि संगणकही त्याच तोंडानं विकायचा. "बघा राव, पातं घासायचं झंझट नाही, तेल नको, वंगण नको," असं गिऱ्हाइकाला सांगायचा. मी जळोचीची. वडिलांचं सायकलचं दुकान. बारावीनंतर संगणकाचा कोर्स केला, आणि "पोरगी यंत्रावर बसते" याचं अब्बांना एवढं कौतुक की दुकानात पंक्चर काढता काढता ते सगळ्या आळीला ऐकवायचे. बिरूदादा कोकरे कऱ्हाटीचा. घरचं पूर्वी मेंढरांचं खांड होतं, आता थोडी शेती. उंच, जरा वाकलेला, हाताची बोटं लांब. डिप्लोमा केलेला होता, पण बोलायचा गावचंच. सतीशशेठनं एकदा सुचवलं, गिऱ्हाइकापुढे जरा शुद्ध बोलत जा. तर म्हणाला, "शेट, मी शुद्ध बोललो तर त्यास्नी वाटंल काय तरी लपवतोय."

आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्रॅम करायचो. वजन, फॅट, हिशेब, छपाई असे सगळे सुटे सुटे. काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टाईप करायचे दिवस मागे पडत होते आणि चित्रावर टिचकी मारायचे दिवस आले होते. सतीशशेठनं मुंबईहून एक परदेशी मासिक आणलं. त्यात एका संगणकाच्या पडद्याच्या कडेला चित्रांची एक रांग होती. प्रत्येक चित्र म्हणजे एक प्रोग्रॅम. मारली टिचकी की उघडला. तिला म्हणे डॉक म्हणतात. "आपल्याला असलं पाहिजे. मराठीत. इंदापूरच्या केंद्रांना मी शब्द दिलाय," शेठ म्हणाला.

"डॉक म्हंजी गोदी न्हवं?" बिरूदादानं विचारलं. "जहाजं लागत्यात ती? हितं कऱ्हेला पाणी न्हाय, अन् जहाजं कुठली?"

त्यानं तिचं नाव ठेवलं फळी. आम्ही सगळे मग फळीच म्हणायला लागलो.

ती फळी करताना मी बिरूदादाला खरा पाहिला. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन शिसपेन्सिलीनं भरत तो चित्रं काढायचा. दुधाची किटली, तराजू, छपाईचा कागद. नखाएवढं चित्र, पण किटलीच्या कडीला सावली कुठून पडते यावर माझ्याशी वाद घालायचा. मग इंदापूरला जाऊन केंद्राच्या सेक्रेटरींच्या शेजारी सकाळभर बसला. तात्या म्हणत त्यांना सगळे. परत आला तो म्हणाला, "शबाना, हात डोळ्याच्या आधी जातो. तात्या कप उचलतात तवा कपाकडं बगत न्हाईत. तवा फळीवरचं काय बी जागचं हालता कामा नये. आज किटली हितं, तर मरंस्तवर किटली हितंच."

"आणि एखादा प्रोग्रॅम काढून टाकला तर? बाकीचे सरकवून घ्यायचे ना? मधे भोक कशाला?"

"सरकवायचं न्हाय. गेलेल्याची जागा कुणी घ्यायची नसती."

असं बोलला की त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. त्याचे असे नियम बरेच होते, आणि ते तो म्हणींसारखे फेकायचा. खिडक्या आपोआप वर येऊ नयेत यावर, "बोलावल्याबिगर म्होरं येऊ नये." चित्रं मोठी करा म्हणणाऱ्या शेठला, "देव बोटाएवढा असतो, शेट, पर घर त्याचंच असतं." चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या खाली त्यानं एक पिवळा ठिपका ठेवला. त्याला म्हणायचा दिवा. "जो चालू हाय त्याच्या म्होरं दिवा. बंद झाला की दिवा शांत." दिवा विझला असं तो चुकूनही म्हणायचा नाही.

शिकवायलाही तो चांगला होता. एका केंद्राचा रबरी शिक्का करायचा होता. मी चिन्ह जसंच्या तसं छापून शिक्केवाल्याला दिलं, आणि शिक्का उठला तो उलटा. किटलीची कडी डावीकडची उजवीकडे. मी रडकुंडीला आले. त्यानं कागद उजेडाकडे धरून मागची बाजू दाखवली. "उलटं ठोकलं की सुलटं उठतं, अन् सुलटं ठोकलं की उलटं. जे मागनं ठोकायचं ते आदी पालथं करून द्यायचं. आता हे जलमभर ध्यानात ठेव." जन्मभर राहिलं.

फळी तयार झाली. खाली करड्या रंगाची पट्टी, वर चित्रं ओळीनं. पण मधे, तराजू आणि छपाईच्या मधे, एक जागा मोकळी होती. आणि त्या मोकळ्या जागेखाली दिवा. संगणक चालू केला की बाकी सगळं बंद असायचं, आणि तो एकटा पिवळा ठिपका रिकाम्या जागेखाली जळत असायचा. 

"हे काय?" शेठनं विचारलं.

"फळी चालू असल्याची खूण हाय," बिरूदादा म्हणाला. शेठला पटलं. कडबाकुट्टीलाही चालू असल्याचा लाल दिवा असायचा.

मला पटलं नव्हतं. फळी बसवायला आम्ही दोघं इंदापूरला गेलो होतो. परतीची एसटी लागायची होती, स्टँडवर चहा घेत बसलो होतो. मी डिवचलं, "दादा, जागा हलवायची नाही, दिवा शांत करायचा, बोलावल्याशिवाय यायचं नाही. फळी आहे का देव्हारा?"

"मग न्हाय का?" तो म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला. आमच्या घरात देव्हारा नसतो हे त्याला माहीत होतं, म्हणून असेल, त्यानं पहिल्यापासून सांगितलं.

त्यांच्या देव्हाऱ्यात देवांचे टाक असतात. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला देव. बिरोबा, खंडोबा, यमाई. घरातलं माणूस गेलं की त्याचाही टाक करतात आणि देवांच्या रांगेत बसवतात. अशा गेलेल्या पुरुषाला वीर म्हणतात. बसवला की तो घरचा. मग तो भटकत नाही, कुणाला त्रास देत नाही, घराला सांभाळतो. "पर जित्याचा टाक करत न्हाईत," बिरूदादा म्हणाला. "जित्याचा केला म्हंजी आपुनच त्याला मारला."

त्याचा धाकटा भाऊ मल्हारी. बिरूदादा शिकला कारण मल्हारी मेंढरांमागे गेला. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे हटलं की गाळावर हिरवळ येते, तिथं इंदापूरच्या अंगाला खांड घेऊन तो राहायचा. एका संध्याकाळी मेंढरं तळावर परत आली. कुत्रं आलं, भिजलेलं. मल्हारी आला नाही. पाण्यात माणसं उतरवली, गळ टाकले. काही लागलं नाही. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं हमरस्त्यावर ट्रकमध्ये चढताना पाहिला.

"आई म्हंती, पानी माणूस ठेवून घेत न्हाय, दोन-तीन दिसांत वर देतंच. त्यानं दिला न्हाय, म्हंजी त्याच्याकडं न्हाय. अन् घोंगडं बी न्हाय सापडलं. घोंगडं घेऊन कोण बुडतं का? ज्याला थंडी वाजती तोच घोंगडं घेऊन जातो." तो थांबला. "भावकी म्हंती टाक बसवा. आई बसवू देत न्हाय. मी थोरला. मी काय म्हणायचं ते मी अजून म्हटलेलं न्हाय."

एसटी लागली. गाडीत त्यानं एवढंच आणखी सांगितलं की मल्हारी डावरा होता. काठी डाव्या हातात धरायचा, त्यावरून वडील त्याला शिव्या द्यायचे.

पुढे महिनाभरानं तात्यांचा इंदापूरहून फोन आला. मीच उचलला. एरवी तात्या फोनवर तारेवाचूनही ऐकू जाईल इतकं मोठ्यानं बोलायचे. त्या दिवशी कुजबुजत होते. "बाई, तुमच्या त्या फळीवर माणूस उभा राह्यलाय."

"कसला माणूस, तात्या?"

"मेंढका. घोंगडं पांघरल्याला. त्याला तोंड न्हाय. तुमी या. आमी कुणी त्याला हात लावल्याला न्हाय."

बिरूदादा शेजारीच होता. मी तात्यांचं बोलणं सांगितलं, तो लगेच उठला. आम्ही मिळेल त्या गाडीनं निघालो. 

झालं होतं ते साधं होतं. दसरा जवळ आला होता, केंद्रातल्या कुणीतरी करड्या पडद्याला कंटाळून रंग बदलले होते, फळी हिरवीगार झाली होती. आणि मोकळ्या जागेत एक माणूस उभा होता. करड्या रंगात काढलेला. पट्टी करडी होती तोवर करड्यावर करडा दिसत नव्हता. पट्टी हिरवी झाली आणि तो पुढे आला. नखाएवढा. घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेतलेली, आत चेहऱ्याच्या जागी हिरवी पोकळी. डाव्या हातात काठी. खाली दिवा. माझ्या लक्षात सगळं त्याच क्षणी आलं. जागा मोकळी कधीच नव्हती.

पण दारातच आमचे पाय थांबले ते वेगळ्याच कारणानं. पडद्याच्या काचेवर, बरोबर त्या माणसावर, कुणीतरी हळदीकुंकू लावलं होतं. संगणकाच्या डोक्यावर झेंडूचं फूल. समोर नारळ. दूध घालायला आलेल्या बायका हात जोडून उभ्या होत्या.

बिरूदादा कधी आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी ओरडला. "जित्या माणसाला हळदकुंकू लावता? कुणी लावलं? कुणी सांगितलं तुमास्नी तो मेला म्हणून?" आणि खिशातला रुमाल काढून काच पुसायला लागला. कुंकू पुसलं जाईना, पसरतच गेलं, सगळा पडदा लालसर झाला. मी त्याचा हात धरला.

तात्या पुढे आले. चांगला माणूस. म्हणाले, "बिरूराव, रागावू नका. कुणाचा हाय ते आमाला म्हाईत न्हाय. पर असा अधांतरी ठेवू नका त्याला. तो जागा मागतोय."

"मी काढलाय त्याला, तात्या. मी. ह्या हातानं."

"व्हय की," तात्या शांतपणे म्हणाले. "त्यानं तुमच्या हातानं काढून घेतला."

 मी बिरूदादाच्या हातातला रुमाल घेतला आणि त्याला बाहेर आणलं.

बातमी आमच्या आधी कऱ्हाटीत पोचली. मल्हारी इंदापूरच्या डबड्यात दिसला. जागा मागतोय. भावकी बिरूदादाच्या वडिलांकडे येऊन बसली. धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत आली होती, ती मंडळी म्हणाली, आधी तुमचा वीर बसवा, मग बोलू. भावाला जिवंत ठेवायला म्हणून ज्यानं ते चित्र लपवून ठेवलं, त्याच्याच चित्रानं भाऊ मेल्याची साक्ष दिली. बिरूदादानं सगळ्यांना परोपरीनं सांगितलं की तो एक माझा छोटा प्रोग्रॅम आहे, काही करत नाही, खिडकी उघडत नाही, नुसता चालू राहतो, म्हणून दिवा. ऐकून घेऊन चुलते म्हणाले, "मग भूत म्हंजी दुसरं काय असतं?"

एका माणसानं मात्र त्याचं ऐकलं. बाजारच्या दिवशी त्याची आई ऑफिसात आली. हातात कापडी पिशवी, कपाळावर मोठं कुंकू, जिना चढून दम लागलेला. शेठनं तिच्यासाठी पंखा लावला. ती खुर्चीवर बसली तर पाय जमिनीला टेकेनात.

"दाव," ती म्हणाली.

बिरूदादा खाकरला. पडदा उजळला. त्यानं पट्टी हिरवी केली. आई वाकून, डोळे बारीक करून पाहत राहिली.

"काठी डाव्या हातात हाय."

"व्हय."

"मग मल्हारीच." मग तिनं काचेला न शिवता बोट दाखवलं. "ह्यो दिवा कशाचा?"

"चालू असतो त्याच्याखाली असतो. आई, ते मी लिवलंय म्हणून हाय. खरं न्हाय ते."

"मला काय कळत न्हाय व्हय? तूच लिवलंस." ती जराशानं म्हणाली, "भावकी म्हंती त्यानं लिवून घेतलं. माझा मल्हारी कुणाकडनं काय करून घेणारा न्हवता. तूच त्याच्याकडनं करून घ्यायचास."

बिरूदादानं मान खाली घातली. तेवढ्यात आईनं वर पंख्याकडे पाहिलं. मग साडीचा पदर सोडवला, दोन्ही हातांनी पसरला आणि त्या पिवळ्या ठिपक्याभोवती आडोसा धरला. वाऱ्यात समई सांभाळतात तसा. "पंखा बंद करा वो," ती म्हणाली. सतीशशेठ, जो फोनसाठीही जागचा उठायचा नाही, तो उठला आणि त्यानं पंखा बंद केला.  कुणी हसलं नाही, कुणी समजावलं नाही. ठिपका वाऱ्यानं विझत नाही हे तिलाही ठाऊक असणार.

उठताना ती म्हणाली, "गावाला टाक पायजे. पोरीची सोयरीक मोडायला मी काय वैरीण न्हाय. देऊ त्यास्नी टाक. पर बिरू, माझं लेकरू कुठं जितं असंल, अन् माझ्याच हातानं त्याला देवात बसवलं, तर मला कुठं ठाव मिळंल? तू शिकलास न्हवं? काय करायचं ते तू बग."

ती पिशवी घेऊन बाजाराला निघून गेली. बिरूदादा दिवसभर त्या खुर्चीकडे बघत बसला होता.

शेठनं त्याला एवढंच सांगितलं की फळीच्या नव्या प्रतीत हे नको. नव्या प्रतीत तो माणूस नव्हता, दिवाही नव्हता. जागा मात्र मोकळीच ठेवली होती, आणि शेठनं ते पाहिलं पण काही म्हटलं नाही. बिरूदादाच्या स्वतःच्या संगणकावर सगळं पहिल्यासारखं राहिलं.

मग तो सोनाराकडे गेला. मला बरोबर घेऊन गेला, का ते तेव्हा कळलं नाही. सोनाराकडे घोड्यावरच्या वीराचा तयार ठसा होता, तो याला नको होता. "मेंढका पायजे. माझ्या चित्रावरनं," असं म्हणून त्यानं छापलेला कागद पुढे केला. तोच माणूस, तीच काठी, मोठा करून छापलेला. सोनारानं समजावून सांगितलं, कागद पत्र्याच्या पाठीवर चिकटवायचा आणि मागून ठोकत जायचं, पुढच्या अंगाला माणूस उठतो. मग विचारलं, "असाच चिकटवू का पालथा करून?"

बिरूदादा खूप वेळ कागदाकडे बघत राहिला. सोनारानं दोनदा विचारलं.

"असाच," तो म्हणाला.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं लक्ष शोकेसमधल्या झुमक्यांकडे होतं.

टाक बसवायच्या दिवशी मी कऱ्हाटीला गेले. अंगणात मांडव, भावकी सगळी जमलेली, ढोल वाजत होते. वडिलांनी टाक हळदीनं माखला, धुतला आणि आईच्या तळहातावर ठेवला. तिनंच बसवायचा होता. तिचा हात खाली जाईना. मी तिच्या शेजारी होते. तिनं टाक पदरानं पुसला, उजेडाकडे धरला. पाहत राहिली. आणि मग तिनं मान वर करून देव्हाऱ्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या बिरूदादाकडे पाहिलं. दोघं एकमेकांकडे बघत होती. मग तिनं टाक खाली ठेवला, यमाईच्या शेजारी, अगदी सावकाश. ढोल जोरात वाजायला लागले.

मी वाकून पाहिलं. घोंगड्याची खोळ, पोकळ चेहरा. काठी उजव्या हातात होती.

जेवणं झाल्यावर तो माझ्या हातावर पाणी घालत होता. मी हळूच म्हटलं, "दादा, उलटं ठोकलं की सुलटं उठतं. मला तुम्हीच शिकवलंत."

"व्हय. शिकवलं खरं."

"मग?"

"माणूस इसरतो एखाद्या येळंला," तो म्हणाला आणि पाणी घालत राहिला. किटलीच्या कडीची सावली न चुकणारा माणूस. गावानं मल्हारी बसवला. आईनं मात्र कुणीतरी एक उजवा मेंढका बसवला, ज्याचं कुणी नसेल असा, आणि त्याला आयुष्यभर हात जोडले. भावकीत हे कुणालाही कळलं नाही. बहिणीचं लग्न झालं.

पुढे सतीशशेठनं ऑफिस बंद करून मोबाईलचं दुकान काढलं. संगणक विकायच्या दिवशी बिरूदादानं तो बिनखिडकीचा प्रोग्रॅम एका फ्लॉपीवर उतरवून घेतला आणि घरी नेऊन आईला दिला. तिनं विचारलं म्हणे, "ह्यात हाय का तो?" हा म्हणाला, "हाय." "चालू?" "आता बंद हाय. पर मेला न्हाय." तिनं ती फ्लॉपी देव्हाऱ्यात ठेवली नाही. मल्हारीच्या घरी राहिलेल्या वहाणा जिथं ठेवल्या होत्या त्या कोनाड्यात ठेवली. मी लग्न होऊन बारामती सोडली. आमची गाठ मग ईदेला नि दिवाळीला फोनवरच पडायची. फोन उचलला की आधी खाकरायचा, मग बोलायचा.

गेल्या वर्षी बिरूदादा गेला. काविळीचं निमित्त झालं. मी भेटायला कऱ्हाटीला गेले. आई अजून आहे. पार वाकलीय, दिसतं कमी, पण मला आवाजावरून ओळखलं. देव्हाऱ्यात उजव्या मेंढक्याच्या शेजारी बिरूदादाचा टाक होता. तयार ठशातला, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. जन्मात घोड्यावर न बसलेला माणूस. चित्र काढून द्यायला कुणी उरलं नव्हतं.

मी निघताना आईनं कोनाडा चाचपला आणि ती फ्लॉपी काढून माझ्यापुढे धरली. वरचं लेबल पदरानं पुसून पुसून पांढरं झालं होतं. असल्या फ्लॉपीवरचं लिहिलेलं काही वर्षांत आपोआप पुसलं जातं. आणि ती घालायची फट असलेला संगणक आता शोधूनही मिळत नाही. हे बिरूदादाला नक्की माहीत होतं.

"बिरू होता तवर तो सांगायचा," आई म्हणाली. "आता मी कुणाला इचारू? तू त्यातली हायस. बग बरं, बाय. जिता हाय न्हवं ह्यो?"

मी हात पुढे केला, आणि हात तिथंच धरून एकदा खाकरले. मग फ्लॉपी घेतली, खिडकीच्या उजेडात या बाजूनं आणि त्या बाजूनं धरली.

"आहे, आई," मी म्हटलं. "जिता आहे."